अहवालात ‘डी टेस्ट पॉझिटिव्ह’: औषधाने मरणारा जीवाणू औषधरोधी कसा?

दीपमाळ
माझे वडील ६७ वर्षांचे आहेत आणि त्यांना १२ वर्षांपासून मधुमेह आहे. गेल्या महिन्यात त्यांच्या मानेवर मागच्या बाजूला मोठे गळू झाले. गावातल्या डॉक्टरांनी चीर देऊन पू काढला, तो तपासणीला पाठवला आणि अहवाल येईपर्यंत क्लिंडामायसिन हे प्रतिजैविक सुरू केले. तिसऱ्या दिवशी अहवाल आला. जीवाणू स्टॅफिलोकॉकस ऑरियस निघाला. एरिथ्रोमायसिनपुढे ‘आर’ (रेझिस्टंट, म्हणजे औषध चालत नाही) होते, क्लिंडामायसिनपुढेही ‘आर’ होते आणि खाली टीप होती: ‘डी टेस्ट पॉझिटिव्ह’. डॉक्टरांनी त्याच दिवशी औषध बदलले.

मी प्रयोगशाळेत फोन करून विचारले, तेव्हा तिथल्या ताईंनी सांगितले की नुसत्या क्लिंडामायसिनच्या चकतीभोवती (औषध लावलेल्या छोट्या कागदी चकतीभोवती) हे जीवाणू व्यवस्थित मरत होते, तरीही अहवालात ‘आर’च लिहायचे असते. ‘जनुक आहे, पण झोपलेले आहे,’ असे त्या म्हणाल्या आणि गर्दी असल्यामुळे त्यांनी फोन ठेवला. तेव्हापासून ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. मी वाणिज्य शाखेची आहे, त्यामुळे कृपया सविस्तर सांगावे. जनुक झोपते म्हणजे काय होते? त्याला जागे कोण करते? आणि जे औषध जीवाणूला मारते आहे, तेच बंद का करायचे?

मितभाषी
दुसऱ्या प्रयोगशाळेत पुन्हा तपासून घ्या. चकतीभोवती मरत असेल तर ‘एस’ (सेन्सिटिव्ह, औषध चालते) लिहायला हवे.

अगरथाळी
मितभाषी, तसे नाही. ही प्रयोगशाळेची चूक नसून त्यांनी काळजीपूर्वक काम केल्याची खूण आहे. मी १९ वर्षे सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करते, म्हणून डोळ्यांना काय दिसते ते आधी सांगते.

पुवातून वाढवलेले जीवाणू सलाइनमध्ये मिसळून ठरावीक गढूळपणाचे पाणी करायचे आणि ते कापसाच्या बोळ्याने म्युलर-हिंटन अगरच्या (जीवाणू वाढवायच्या पोषक जेलीच्या) थाळीवर तीन दिशांनी सारवायचे. मग त्यावर १५ मायक्रोग्रॅमची एरिथ्रोमायसिनची चकती आणि २ मायक्रोग्रॅमची क्लिंडामायसिनची चकती शेजारी शेजारी ठेवायची, दोन्हींमधले अंतर १५ ते २६ मिलिमीटर. ३५ अंशांवर रात्रभर ठेवून सकाळी थाळी उजेडात तिरकी धरली की सगळीकडे दुधाळ पिवळसर थर दिसतो. एरिथ्रोमायसिनच्या चकतीला तो थर अगदी भिडलेला असतो, म्हणजे ते औषध निरुपयोगी. क्लिंडामायसिनभोवती मात्र स्वच्छ मोकळे वर्तुळ असते. पण ते पूर्ण गोल नसते. एरिथ्रोमायसिनकडची त्याची बाजू विळीवर कापल्यासारखी सपाट असते आणि इंग्रजी ‘डी’ अक्षर तयार होते. चाचणीचे नाव त्यावरूनच पडले.

आता त्या सपाट बाजूकडे नीट पाहा. तिथल्या जीवाणूंपर्यंत दोन्ही औषधे पोचली आहेत. एरिथ्रोमायसिनची चाहूल लागल्यामुळे ते सावध झाले आणि क्लिंडामायसिन अंगावर येऊनही जगले. वर्तुळाच्या दुसऱ्या बाजूला एरिथ्रोमायसिन पोचलेच नाही, तिथे तोच जीवाणू, तेच जनुक असून, बेसावध राहिला आणि मेला. जागे आणि झोपलेले जनुक एकाच थाळीत, बोटभर अंतरावर दिसते. इतक्या वर्षांनंतरही ही थाळी हातात आली की मी ती खिडकीपाशी नेऊन पाहते.

मितभाषी
माझे विधान मागे घेतो. म्हणजे इरले खुंटीला टांगलेले आहे, पाऊस लागला तरच अंगावर येते.

केंद्रक
मितभाषी यांची इरल्याची उपमा मला फार उपयोगी वाटते. ती पुढेही वापरतो. रेणूंच्या पातळीवर काय घडते ते सांगण्याचा प्रयत्न करतो, कारण जनुक नियमनाचे इतके देखणे उदाहरण मला दुसरे ठाऊक नाही.

पेशीत प्रथिने बनवणारे यंत्र म्हणजे रायबोसोम. एरिथ्रोमायसिन आणि क्लिंडामायसिन ही रचनेने वेगळी औषधे आहेत, पण दोन्ही रायबोसोमच्या जवळपास एकाच खाचेत जाऊन बसतात. ज्या जनुकाविषयी आपण बोलत आहोत, त्याचे नाव ईआरएम. त्यापासून बनणारे विकर (एन्झाइम) रायबोसोमच्या आरएनएमधल्या एका ठरावीक ॲडेनिनवर मिथाइल गट चिकटवते. त्या अॅडेनिनचा क्रमांक २०५८ धरला जातो. एवढ्याशा बदलाने खाच अडते आणि दोन्ही औषधांना बसायला जागा उरत नाही. हेच ते इरले.

मात्र ते नेहमी अंगावर बाळगणे जीवाणूला परवडत नाही. विकर बनवायला ऊर्जा लागते आणि बदललेला रायबोसोम काही प्रथिने नीट बनवत नाही. म्हणून या जनुकाला कुलूप आहे, आणि ते ज्या जागी आहे ती जागा विलक्षण आहे. जनुकाची नक्कल, म्हणजे संदेशवाहक आरएनए, सतत तयारच होत असते. पण ती स्वतःभोवती अशी दुमडलेली असते की विकराचे वाचन जिथून सुरू व्हायचे, ती जागा घडीत दडून राहते. त्या घडीच्या अलीकडे अवघ्या १९ अमिनो आम्लांच्या एका छोट्या साखळीचा मजकूर असतो. एरवी रायबोसोम ती साखळी वाचून निघून जातो आणि घडी मिटलेलीच राहते. एरिथ्रोमायसिन थोड्या प्रमाणात आत शिरले की औषध बसलेला रायबोसोम ती साखळी वाचता वाचता नवव्या अमिनो आम्लापाशी अडकतो. तो जिथे अडकतो, नेमकी तीच जागा घडी मिटलेली ठेवत होती. घडी उलगडते, दडलेली सुरुवात उघडी पडते आणि अजून औषध न लागलेला दुसरा रायबोसोम येऊन विकर बनवू लागतो. मारायला आलेल्या औषधाच्याच हाताने कुलूप उघडले जाते. क्लिंडामायसिन रायबोसोमला त्या ठिकाणी तसे अडकवत नाही, म्हणून नुसत्या क्लिंडामायसिनपुढे घडी मिटलेली राहते.

सह्यवारा
फार सुंदर समजावले आहे. पण मग दीपमाळ यांचा तिसरा प्रश्न अधिकच टोकदार होतो. क्लिंडामायसिन कुलूप उघडत नाही आणि कुलूप बंद असताना जीवाणू मरतो. मग रुग्णाला एरिथ्रोमायसिन दिले नाही आणि नुसते क्लिंडामायसिन दिले, तर ते लागू पडायला हवे. बंद का करायचे?

केंद्रक
प्रश्न अगदी रास्त आहे आणि उत्तर संख्येत आहे. गळवात जीवाणू कोट्यवधींनी असतात. एवढ्या संख्येत काहींच्या त्या घडीच्या मजकुरात आपोआप बिघाड झालेला असतो: एखादा तुकडा गळालेला, एखादा दुणावलेला, एखादे अक्षर बदललेले. घडी पडतच नाही, आणि विकर अखंड बनत राहते. हा बारा महिने इरले पांघरून फिरणारा जीवाणू. इतर वेळी तो इतरांच्या मागे पडतो, म्हणून विरळा असतो. क्लिंडामायसिन दिले की बाकीचे सगळे मरतात आणि रान याला मोकळे होते. औषधाने त्याला घडवले नाही, फक्त निवडले.

शल्यक
मी शल्यचिकित्सक आहे. केंद्रक यांनी जे लिहिले ते मी रुग्णाच्या खाटेपाशी पाहिले आहे. माझ्या उमेदवारीच्या काळात आमच्याकडे ही चाचणी केली जात नसे. ११ वर्षांच्या एका मुलीच्या मांडीच्या हाडात पू झाला होता. अहवालात क्लिंडामायसिन ‘एस’ होते आणि हाडात ते चांगले पोचते म्हणून आम्ही तेच दिले. पाच दिवस ताप उतरला, मुलगी उठून बसू लागली, सहाव्या दिवशी पुन्हा थंडी वाजून ताप आला. दुसऱ्यांदा काढलेल्या पुवातल्या जीवाणूंच्या थाळीवर क्लिंडामायसिनभोवती वर्तुळ उरलेच नव्हते. पुढे दुसऱ्या औषधावर ती बरी झाली, पण तिची पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली. पहिल्या अहवालातल्या त्या एका अक्षराची मला आजही रुखरुख वाटते, कारण एरिथ्रोमायसिनला रोध आहे हे त्याच कागदावर लिहिलेले होते आणि त्याचा अर्थ आम्ही लावला नव्हता.

तोल राहावा म्हणून दुसरी बाजूही सांगतो. डी टेस्ट पॉझिटिव्ह असूनही क्लिंडामायसिनवर बरे झालेले रुग्ण असतात. लहान गळवात तर निम्म्याहून अधिक काम पू काढल्यानेच होते. पण हाड, रक्त, फुप्फुस किंवा मधुमेही रुग्ण असेल तर या औषधावर विसंबू नये. दीपमाळताई, तुमच्या डॉक्टरांनी योग्य तेच केले.

निशिगंध
हाच तो एमआरएसए का? आमच्या नात्यात एकांच्या अहवालात ते होते आणि सगळे फार घाबरले होते.

अगरथाळी
नाही, निशिगंध. दोन्ही एकाच जीवाणूत असू शकतात, पण यंत्रणा वेगळ्या आहेत. पेनिसिलिन तोडणाऱ्या स्टॅफिलोकॉकसवर तोडगा म्हणून १९५९ मध्ये मेथिसिलिन वापरात आले आणि १९६१ मध्ये ब्रिटनमधून मेथिसिलिनला न जुमानणाऱ्या जातींची, म्हणजेच एमआरएसएची, नोंद प्रसिद्ध झाली. त्यामागे मेक-ए हे जनुक असते. पेशीभित्तिका विणणाऱ्या ज्या प्रथिनांना पेनिसिलिनच्या कुळातली औषधे बंद पाडतात, त्यांच्या जोडीला हे जनुक एक जादा प्रथिन देते, आणि त्याला ही औषधे सहसा चिकटत नाहीत.

पण तुमच्या प्रश्नाचा या धाग्याशी थेट संबंध आहे. एमआरएसए ओळखायला आम्ही मेथिसिलिनची चकती ठेवत नाही, पेनिसिलिनच्याच कुळातल्या सेफॉक्सिटिनची ३० मायक्रोग्रॅमची ठेवतो. वर्तुळ २१ मिलिमीटर किंवा त्याहून लहान असेल तर एमआरएसए. कारण पुन्हा तेच आहे: मेक-ए झोपलेले असू शकते आणि सेफॉक्सिटिन त्याला चांगले जागे करते. सेफॉक्सिटिन हे इथे उपचाराचे औषध म्हणून नव्हे, तर दार ठोठावण्यासाठी ठेवलेले असते.

केंद्रक
मेक-एची राखण आणखी गुंतागुंतीची आहे. इथे कुलूप डीएनएवर आहे. एक दमनकारी प्रथिन जनुकाच्या तोंडाशी बसून नक्कलच होऊ देत नाही. पेशीच्या आवरणात एक संवेदक प्रथिन असते. त्याच्या बाहेर डोकावणाऱ्या भागाला पेनिसिलिनच्या कुळातले औषध चिकटले की त्याची आतली बाजू जागी होते, दमनकारी प्रथिन तुटते आणि जनुक मोकळे होते. पेनिसिलिन तोडणाऱ्या विकराच्या जनुकालाही अशीच राखण आहे, आणि दोघांची कुलपे इतकी सारखी आहेत की एकाचा राखणदार दुसऱ्याच्या दारावरही बसू शकतो. मेक-एचा स्वतःचा राखणदार बऱ्याच जातींनी गमावला आहे. त्यांच्यात शेजारचाच दोन्ही दारे सांभाळतो. मेक-एचा मूळ संवेदक मंद आहे, औषध आल्यावर जागा व्हायला वेळ घेतो. शेजारचा चपळ आहे. अशी उसनवारी जीवाणूच्या पथ्यावर पडते.

रानवाट
सगळे वाचले, शिकायलाही मिळाले, पण या चर्चेत मूळ दोष बाजूला पडतो आहे असे मला प्रामाणिकपणे वाटते. हे सगळे आपण औषधे बेसुमार वापरल्यामुळे झाले. केंद्रक स्वतःच म्हणतात की इरले पांघरून फिरणे जीवाणूला परवडत नाही. मग उपाय सरळ आहे. पाच-दहा वर्षे ती औषधे पूर्ण थांबवावीत. ओझे नको म्हणून जीवाणू ती जनुके टाकून देतील.

केंद्रक
रानवाट, तुमची कळकळ मला पूर्ण मान्य आहे. पण ‘ओझे आहे म्हणून टाकून देतील’ हा तर्क नियमनापाशी अडतो, आणि मला या धाग्यावर हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. इरले अंगावर असेल तर ओझे. खुंटीला टांगलेले असेल तर ते उन्हाळ्यात कोणाला जड होते? झोपलेल्या जनुकाचा खर्च अत्यल्प असतो, त्यामुळे औषध नसतानाही ते पिढ्यान्‌पिढ्या टिकते. पेनिसिलिनचेच पाहा. तोडणाऱ्या विकराचे स्टॅफिलोकॉकस रुग्णांमध्ये १९४२ मध्येच नोंदले गेले. त्यानंतर काही दशकांत या जीवाणूविरुद्ध साधे पेनिसिलिन वापरणे जवळजवळ थांबले. तरी आजही बहुतांश जातींत ते जनुक ठाण मांडून आहे, कारण ते हाकेला उठते आणि एरवी निजून असते.

रानवाट
म्हणजे संयम पाळून काहीच उपयोग नाही, असा याचा अर्थ झाला. हे मला पटत नाही आणि लोकांना असे सांगणे धोक्याचे आहे.

केंद्रक
तसा अर्थ निघत असेल तर माझे लिहिणे अपुरे होते. औषधाचा दाब कमी झाला की बारा महिने इरले पांघरणारे मागे पडतात आणि नव्या जातींत जनुक पसरण्याचा वेग घटतो. काही देशांत साध्या पेनिसिलिनने मरणाऱ्या जातींचे प्रमाण अलीकडे पुन्हा वाढल्याचे आढळले आहे, म्हणजे तुमच्या म्हणण्यात तथ्य आहेच. माझा आक्षेप ‘पाच-दहा वर्षांत टाकून देतील’ या हिशेबाला आहे. संयम हवा, पण तो कायमचा हवा, आणि गमावलेले औषध आपोआप परत मिळेल असे गृहीत धरू नये.

कृष्णाकाठ
आमच्याकडे १४ जनावरे आहेत, दुधाचा धंदा आहे. गाईला दगडी होते तेव्हा पुष्कळदा हाच जीवाणू निघतो, असे पशुवैद्य सांगतात. कास दगडासारखी घट्ट होते, पहिल्या धारेत गुठळ्या येतात, गाय हात लावू देत नाही. कासेत औषधाची ट्यूब सोडतात आणि सांगितलेले दिवस दूध डेअरीला घालायचे नसते. पण दूध जरा बरे दिसले की पुढच्या ट्यूबा न सोडणारे शेतकरी मी पाहिले आहेत, आणि पूर्वी मीही तेच केले आहे. ही जनुके आमच्या गोठ्यातून माणसांकडे जात असतील का?

केंद्रक
कृष्णाकाठ, जीवाणूंची ये-जा दोन्ही दिशांनी होते, जनावरांकडून माणसांकडे आणि माणसांकडून जनावरांकडेही. मेक-एचे एक भावंड, मेक-सी, २०११ मध्ये ब्रिटनमध्ये दुधाच्या नमुन्यांतूनच प्रथम लक्षात आले आणि नंतर माणसांतही सापडले. तेव्हा साहजिकच दोष गोठ्यांना दिला गेला. पण २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात वेगळेच दिसले. युरोपात हेजहॉग नावाचा छोटा काटेरी प्राणी असतो. त्याच्या कातडीवर वाढणारी एक बुरशी पेनिसिलिनसारखे द्रव्य बनवते आणि त्याच कातडीवर स्टॅफिलोकॉकसही राहतो. मेक-सी असलेल्या जाती त्या प्राण्यावर १८०० च्या सुमारास, म्हणजे माणसाने प्रतिजैविके वापरण्याच्या कितीतरी आधी, उदयाला आल्याचे त्यांच्या जनुकांच्या तुलनेवरून दिसते. इरले आपल्या औषधांच्याही आधीचे आहे. आपण पाऊस वाढवला. म्हणून ट्यूबांचा क्रम मात्र पशुवैद्यांनी सांगितला तसाच पूर्ण करावा.

सह्यवारा
मग औषधाने मारण्याऐवजी हे नियमनच बिघडवता येणार नाही का? इरले खुंटीवरून काढताच आले नाही, तर साधी जुनी औषधेही पुरतील.

केंद्रक
तसे प्रयत्न चालू आहेत. पेनिसिलिन तोडणाऱ्या विकराच्या जनुकाचा संवेदक बंद पाडणारे रेणू शोधले जात आहेत. दुसरा प्रयत्न एजीआर या यंत्रणेवर आहे. स्टॅफिलोकॉकस एक छोटा कड्यासारखा पेप्टाइड बाहेर सोडत राहतो. गर्दी वाढली की त्याचे प्रमाण वाढते, जीवाणूंना आपल्या संख्येचा अंदाज येतो आणि ५१४ अक्षरांचा एक आरएनए तयार होऊन चिकटून राहण्याची प्रथिने कमी व विषे जास्त बनू लागतात. ही हाकाटी बंद केली तर जीवाणू मरणार नाही, पण निरुपद्रवी होईल, अशी आशा आहे. मला त्यात एक काळजी वाटते. दीर्घकाळ रक्तात टिकून राहणाऱ्या आणि एमआरएसएवर वापरल्या जाणाऱ्या व्हॅन्कोमायसिनला अर्धवट दाद देणाऱ्या जातींत ही यंत्रणा अनेकदा आधीच बंद पडलेली आढळते. गप्प झालेला जीवाणू गरीब झालाच असे नाही.

लाल रेघ
माझे औषधांचे दुकान आहे. इतका वेळ नुसते वाचत होतो, पण एक गोष्ट सांगायलाच हवी. एरिथ्रोमायसिन आता फारसे कोणी लिहीत नाही, मात्र त्याच कुळातले ॲझिथ्रोमायसिन घरोघरी पोचले आहे. ‘ती तीन गोळ्यांची पट्टी द्या’, एवढे बोलून लोक पैसे पुढे करतात. नाव माहीत नसते, चिठ्ठी नसते, सर्दी-खोकला असतो, म्हणजे बहुधा विषाणूचा आजार. १ मार्च २०१४ पासून काही प्रतिजैविकांसाठी वेगळी नोंदवही ठेवावी लागते, आणि ॲझिथ्रोमायसिनलाही डॉक्टरांची चिठ्ठी लागतेच. पट्टीवर उभी लाल रेघ त्यासाठीच असते. मी चिठ्ठीशिवाय देत नाही आणि त्यामुळे रोज दोन-चार गिऱ्हाइके रागावून जातात. केंद्रक, ॲझिथ्रोमायसिनही तेच कुलूप उघडते का?

केंद्रक
हो, तेच उघडते.

दीपमाळ
हे वाचून मी बाबांना विचारले. गळू येण्याच्या साधारण तीन आठवडे आधी त्यांना खोकला झाला होता आणि त्यांनी शेजाऱ्यांकडून तीच तीन गोळ्यांची पट्टी आणून घेतली होती. त्यांनी ते कोणाला सांगितले नव्हते. त्यामुळेच हे झाले का?

केंद्रक
दीपमाळ, त्या गोळ्यांनी जनुक निर्माण केले नाही, ते त्या जीवाणूत आधीपासून होते. साधारण तीनातल्या एका माणसाच्या नाकात हा जीवाणू काही त्रास न देता राहतो. त्या गोळ्यांनी इरले नसलेल्यांना हटवून इरलेवाल्यांना जागा करून दिली असण्याची शक्यता आहे, पण एका रुग्णाबाबत हे सिद्ध करता येत नाही. बाबांना दोष देऊ नका. पुढच्या वेळी डॉक्टरांना ‘आधी हे घेतले होते’ एवढे जरूर सांगा, कारण त्यावरून पहिले औषध निवडताना मदत होते.

दीपमाळ
मनापासून आभार. जखम भरत आली आहे. नवे औषध परवा संपले, साखरही आटोक्यात आहे. बाबांना मी सगळा धागा वाचून दाखवला. शल्यक यांचा अनुभव त्यांनी दोनदा वाचायला लावला आणि शेजाऱ्यांनाही बोलावून ऐकवला. आता ते म्हणतात की माझ्या गळवातली ती ‘डी’ अक्षराची थाळी मला एकदा पाहायची आहे. प्रयोगशाळेत मागितली तर दाखवतील का?

अगरथाळी
त्यांची थाळी आता नसेल, ताई. अहवाल गेला की ठरावीक दिवसांनी थाळ्या ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंशांवर निर्जंतुक करून टाकून द्याव्या लागतात. पण चाचणी बरोबर चालते ना, हे पाहण्यासाठी हमखास ‘डी’ दाखवणारी एक प्रमाणित जात आम्ही ठरलेल्या दिवशी लावतो, आणि बहुतेक प्रयोगशाळा तसे करतात. तुमच्या प्रयोगशाळेतल्या ताईंना विचारा की तुमचा तो दिवस कोणता. दुसऱ्या दिवशी सकाळी, थाळ्या वाचायच्या वेळी बाबांना घेऊन जा. झाकण न काढता काचेबाहेरून दिसते. थाळी उजेडात थोडी तिरकी धरायला सांगा, म्हणजे सपाट कड नीट दिसेल.